लुधियान्याहून मागवलेला ठोका

माझे धाकटे चुलते, तात्या, उसाच्या बांधावर उभे राहून लुधियान्याला निरोप धाडतात. मोबाइल तोंडापुढे आडवा धरायचा, डोळे मिटायचे आणि विहिरीच्या तळाशी उतरलेल्या माणसाला हाक मारावी तसं बोलायचं.

"जसप्रीतराव, ठोका अच्छा हय. लेकिन जमीन अबी वाफशापे नही आयी. और एक पाणी देव. आन् येऊं दे."

जसप्रीतराव शेतकरी नाहीत. ते लुधियान्याच्या एका खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून ठोके तयार करतात. गाणं म्हणणारी पोरं इंटरनेटवरून त्यांना सांगतात, मला असा असा ठोका करून द्या; ते करून देतात; मग पोरं त्यावर आपले शब्द चढवतात. त्या धंद्यात त्याला बीट म्हणतात. देशोदेशीची गिऱ्हाइकं त्यांच्याकडे येतात. कुणाला लग्नात नाचण्याजोगा ठोका हवा असतो, कुणाला प्रेमभंगाचा. वाफशावर आणलेला ठोका मागणारं गिऱ्हाईक त्यांच्याकडे एकच, मुक्काम वरकुटे, तालुका इंदापूर. पाणी पिऊन झाल्यावर जमीन ना चिखल ना ढेकूळ, नेमकी पेरण्याजोगी होते, तो वाफसा. हे मी एका वाक्यात सांगितलं. तात्यांनी जसप्रीतरावांना ते समजावून सांगायला सबंध एक सकाळ घेतली होती.

तात्या सत्तरी ओलांडलेले. पांढरा पायजमा, बंडी, टोपी. संगीताशी त्यांचा आधीचा संबंध एवढाच, की गावच्या भजनी मंडळात त्यांना टाळ दिला होता आणि पहिल्याच एकादशीला परत घेतला. तात्यांचा टाळ अभंगाच्या पुढे निघून जायचा. "तुमी तिकडं समेवर जाऊन आमची वाट बघत बसा," असं बुवांनी त्यांना सांगितलं म्हणतात.

पुढे निघून जाणं हा तात्यांचा स्वभावच. आमच्या भागात नवरा पुढे आणि बायको मागे अशी चालायची रीत जुनीच आहे, पण तात्यांनी ती फार मनावर घेतली होती. इंदापूरच्या बाजाराला दोघं निघाली की तात्या पुलावर आणि काकी अजून शाळेपाशी. वळून बघणं नाही. एकदा तात्या एसटीत चढले, ऐटीत दोन तिकिटं काढली. गाडी बरीच पुढे गेल्यावर कंडक्टरनं विचारलं, "दुसरं माणूस कुठाय?" तात्यांनी मान न वळवता अंगठ्यानं मागे दाखवलं, "मागं हाय." कंडक्टर शेवटच्या बाकापर्यंत जाऊन आला. मागे कुणी नव्हतं. काकी दोन्ही हातात पिशव्या घेऊन स्टँडवरच उभी होती. ती पुढच्या गाडीनं आली तेव्हा तात्या फाट्यावर ताटकळत थांबले होते. ती उतरलेली दिसताच त्यांनी पाठ फिरवली आणि चालू लागले.

काकीला या गोष्टीचा राग नव्हता. उलट ती हसत सांगायची, "जत्रंत हजार माणसात मला ह्यांची पाठ वळखू येती. तोंडाचं मातुर सांगता यायचं न्हाय बाबा."

(माझ्यापुरतं सांगायचं तर मी बायकोच्या मागून चालतो. पण ते आदरापोटी नव्हे, पोटापायी. डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून मंगल बारामतीच्या रस्त्यांवरून पुढे जाते आणि मी विजेच्या प्रत्येक खांबाला टेकत मागून येतो.)

तर असे हे तात्या. गेल्या वर्षी गावात बातमी पसरली की ते बांधावरून हळू चालतात. कानात यंत्र घालतात, एक पाय टाकतात, थांबतात, मग दुसरा टाकतात. जणू नवरी उंबरा ओलांडतेय. कुणी म्हणालं गुडघे गेले, आणि तेलाची बाटली आणून दिली. कुणी म्हणालं कानात मंत्र घेतलाय. पण ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे बहुमत असं पडलं की तात्या उभे राहतायत आणि प्रचाराचं गाणं तयार करून घेतायत. दोन्ही पार्टीची माणसं येऊन चहा पिऊन गेली. तात्यांनी कुणालाच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यामुळे संशय आणखी पक्का झाला.

मीही त्याच मताचा होतो. एका रविवारी ते बारामतीला माझ्या घरी आले, तेव्हा मी म्हणालो, "तात्या, चिन्ह कोणतं घेताय?"

"गप ए. तुला इंग्रजी येतं म्हणत्यात."

हे म्हणणारे कोण ते मला अजून कळलेलं नाही. एका कॉलेजच्या ऑफिसात माझी उमर गेली. माझं इंग्रजी म्हणजे 'वरील विषयास अनुसरून' एवढंच, फक्त रोमन लिपीत. पण तात्यांना माझ्या लेकीनं एक वेबसाइट दाखवली होती, तिथे ठोके करून देणाऱ्यांच्या रांगाच्या रांगा होत्या, आणि त्यातला एक गोरा माणूस तात्यांना चेहऱ्यावरून कष्टाळू वाटला होता. मी त्याला लिहिलं, की महोदय, आम्हांस एक ठोका हवा असून तो हळू असावा, ही नम्र विनंती. त्यानं उलट विचारलं, कशासाठी हवा? नाचासाठी की जाहिरातीसाठी?

"काय सांगू तात्या, कशासाठी?"

तात्यांनी बशीतला चहा संपवला. बशी पुसल्यासारखी करून खाली ठेवली.

"चालण्यासाठी म्हणून लिव्ह."

"कुणाच्या?"

"तुझ्या काकीच्या."

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. मंगल दारात येऊन उभी राहिली.

काकीला कंपवात झाला होता. हात थरथरतो हे आम्ही पाहिलं होतं, पण ती तो पदराखाली घ्यायची आणि आम्ही वयावर ढकलायचो. खरी अडचण हाताची नव्हतीच. चालता चालता तिचे पाय जमिनीला चिकटायचे. विशेषतः दारात. पायऱ्या ती चढायची, कारण पायरी दिसली की पाय आपोआप उचलतो. पण घराच्या उंबऱ्याशी आली की जागच्या जागी खिळायची. मन आत गेलेलं आणि पाय बाहेर. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, अशा माणसाला बाहेरून ताल दिला तर पाय सुटतो. तालावर एक एक पाऊल टाकू द्या. आणि कुणी ओढू नका, ढकलू नका.

"मंग टाळ वाजवायचा की घरात," मी म्हणालो.

तात्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला भजनी मंडळ आठवलं.

सुरुवातीला त्यांनी मोबाइलवर टिकटिक लावून पाहिली. काकी म्हणाली, "बंद करा ती. कुणाचं तरी दिस मोजत बसल्यागत वाटतंय." मग भक्तिगीतं लावली. पण देवाचं नाव आलं की काकी हात जोडायला थांबायची, आणि थांबली की पुन्हा चिकटायची. मग सिनेमातली गाणी. त्यांची म्हणे तिला लाज वाटायची. म्हणून शब्द नकोत, नुसता ठोका पाहिजे, आणि तोही काकीच्या पावलाच्या मापाचा.

कष्टाळू गोरा काही जमला नाही. माझी विनंती बहुधा फारच नम्र झाली असावी. मग जसप्रीतराव सापडले. त्यांना हिंदी कळत होतं आणि तात्यांना वाटत होतं की आपल्याला येतं. माझी सुटका झाली.

पण पहिला ठोका आला तोच घोळ घेऊन. हे लोक नमुना पाठवतात तेव्हा त्यात मधूनमधून स्वतःचं नाव भरून ठेवतात, कुणी फुकट वापरू नये म्हणून. काकी ओट्यापासून निघाली, ठोका सुरू, पाऊल छान पडतंय, आणि एकदम एक दणकट पुरुषी आवाज घुमला, "जसप्रीत!" काकीनं दचकून डोक्यावर पदर घेतला.

"या, बसा," ती भिंतीकडे बघत म्हणाली. मग तात्यांना दबक्या आवाजात, "अवं, पावनं आलंय, मी अशी वाकडीतिकडी. आदी सांगायचं तरी."

पुढचे आठ-दहा दिवस जसप्रीत घरात येत राहिला आणि काकी पदर घेत राहिली. शेवटी तात्यांनी निरोप धाडला, "जसप्रीतराव, तुम हमारे घर जरूर आव, हुरडा खाव. लेकिन ऐसा बीचमें मत आव."

दुसरा ठोका नावाशिवाय आला. पण त्या धंद्यात एक खोड असते. जोराचा दणका द्यायच्या आधी सगळं क्षणभर गप्प करतात, म्हणजे नाचणाऱ्यांचा जीव वर येतो. जसप्रीतरावांनी हौसेनं तशी गप्प जागा घातली. ती नेमकी आली काकी उंबऱ्यात असताना. एक पाय आत, एक बाहेर, आणि ठोका गायब. मी त्या दिवशी तिथेच होतो. तात्या फोन कानाला लावून अंगणात येरझारा घालत होते.

"जसप्रीतराव, तुम रुके, तो हमारा माणूस दरवाजेमें रुक्या. अब क्या करनेका?"

पलीकडून विचारणा झाली, कौन रुका? माणूस म्हणजे कोण, दरवाजा कसला, हे तोवर तात्यांनी त्याला सांगितलंच नव्हतं. आपल्या बायकोचं दुखणं परक्याला कशाला, म्हणून. आता सांगावं लागलं. सांगून झालं तेव्हा तात्यांनी टोपी काढून घाम पुसला. जसप्रीत म्हणाला, "अंकलजी, मुझे पहले बताना था। आप कोई आवाज़ भेजो, जो आंटीजी को अच्छी लगती है।"

आंटीजींना कोणता आवाज आवडतो? तात्या दोन दिवस विचारात पडले. संसार इतका झाला, पण हा प्रश्न कधी निघालाच नव्हता. काकीला विचारलं तर ती म्हणाली, "आवाज का कुणाला आवडतोय? कामाच्या गडबडीत आयकलाय कोण?" मग तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "आपल्या हिरीवरचं इंजिन बरं वाजायचं. भाकरी घिऊन यायची मी, तवा त्येच्या ठोक्यावर वाट सरायची."

ते डिझेल इंजिन वीज आल्यापासून गोठ्यात पडून होतं. त्यावर कोंबड्या अंडी घालायच्या. तात्यांनी कोंबड्या हुसकल्या, इंजिन धुतलं, इंदापूरहून मिस्त्री आणून ते चालू केलं. पुक्, पुक्, पुक्. मोबाइल जवळ धरून आवाज भरून घेतला. सोबत निरोप: "इसके निम्म्यासे चलाव. बैल पाणी पीके वापस आता है ना, वैसा. आन् येऊं दे."

येऊं दे हा तात्यांचा जुना शब्द. उसाची ट्रॉली मागे घ्यायची असली की सगळी आळी तात्यांना बोलावते. ट्रॅक्टरवाल्याला मागचं दिसत नाही. तात्या मागे उभे राहून हात हलवतात, "येऊं दे, येऊं दे, येऊं दे, बास." त्यांच्या 'बास'वर आजवर एकही ट्रॉली चारीत गेलेली नाही. जेवतानाही तेच. काकी वाढायला लागली की ताटावर हात, "येऊं दे, येऊं दे, बास."

इंजिनाचा ठोका आला आणि काकी चालली. ओट्यापासून पडवीत, पडवीतून अंगणात. उंबऱ्यापाशी जसप्रीतनं एक ठोका मुद्दाम जड ठेवला होता, त्यावर तिचा पाय अलगद पलीकडे पडला. तुळशीपाशी जाऊन ती थांबली, स्वतःच्या पायांकडे बघून म्हणाली, "ह्ये आपलंच इंजिन हाय."

तात्या समाधानी झाले असं वाटेल कुणाला. छे. सकाळचं पाऊल वेगळं, गोळीचा असर उतरला की वेगळं, थंडीत वेगळं. दर वेळी नवा ठोका. आणि आलेला ठोका काकीला ऐकवण्याआधी तात्या स्वतः बांधावर चालून बघणार. गावानं जी नवरीची चाल पाहिली, ती ही. काकीचं दुखणं गावाला कळू नये म्हणून त्यांनी निवडणुकीचा संशयसुद्धा अंगावर घेतला. शेवटी अर्ज भरला नाही, तर लोक म्हणाले, तात्या विकले गेले.

मग नातवाचं जावळ ठरलं. आमचं कुलदैवत नरसिंहपूरचा नरसिंह, त्यामुळे जावळ तिथेच. पुण्याहून तात्यांचा मुलगा म्हणाला, चाकाची खुर्ची घेऊन येतो, आईला खुर्चीतून नेऊ, पायऱ्या आल्या की आम्ही उचलू.

काकीनं ऐकून घेतलं. "मी पायानं जाईन, न्हायतर घरी ऱ्हाईन. लग्न होऊन आल्यावर ह्या पायानं त्येच्या दारात गेले. आता मला टोपलीत घालून देवाम्होरं नका ठिवू."

"आई, हट्ट करू नको."

"हट्ट न्हाय. एकडाव उचलून नेलं की मंग कायमचंच उचलायचं."

तात्या उठून बांधावर गेले. लुधियान्याला निरोप गेला, "जसप्रीतराव, देव के घर जानेका हय. जरा मजबूत देव."

त्या दिवशी आम्ही सगळे नरसिंहपुरात होतो. तात्यांच्या बंडीच्या खिशात छोटा स्पीकर, त्यात वरकुट्याचं इंजिन लुधियान्याला जाऊन आल्यासारखं वाजत होतं. तात्या सवयीप्रमाणे पुढे, काकी मागे, तिच्या बाजूला मी आणि मंगल. हात लावायचा नाही अशी आम्हांला ताकीद. पायऱ्या ती चढली. ठोक्याला एक, ठोक्याला एक. वर जाऊन तिनं श्वास घेतला आणि दरवाज्याच्या दगडी उंबऱ्याशी आली.

तेवढ्यात मागून दुसऱ्या कुणाचा तरी नवस आला, हलगी वाजवत. हलगीला हलगी म्हणतात ते उगाच नाही. कडाडली की छाती हलते. खिशातलं इंजिन कुठच्या कुठे बुडालं. काकीचे पाय जागेवर खिळले.

मागे माणसं साचली. वाजवणाऱ्यांना पुढे काय झालंय ते दिसत नव्हतं. मुलगा गर्दीतून हात करून त्यांना थांबवत होता, त्यांना वाटलं नाचतोय. ते आणखी जोरात वाजवायला लागले. कुणीतरी म्हणालं, "आजीला उचला की वाईच." एक दांडगा गडी पुढेही झाला. काकीनं मान हलवली. ती खाली बघत होती, आपल्याच पायांकडे, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. पदराखालचा हात जोरात थरथरत होता. मी मंगलकडे बघितलं, मंगलनं माझ्याकडे. पुढे काय करायचं हे दोघांनाही माहीत नव्हतं, आणि आयुष्यात प्रथमच तिनं मला 'तुम्हीच बघा' असं म्हटलं नाही.

तात्या आत पोचले होते. त्यांची पाठ दिसत होती. ती थांबली. मागे पावलं येत नाहीत हे त्यांना त्या कल्लोळात कसं कळलं, देव जाणे.

ते वळले. परत उंबऱ्यापर्यंत आले. स्पीकरचा कान पिळून बघितला, मग तो बंद करून खिशात टाकला. दोन्ही हात वर केले, तळवे स्वतःकडे, आणि काकीकडे बघत एक पाऊल मागे टाकलं.

"येऊं दे."

आवाज हलगीच्या वर गेला. अख्खी आळी ऐकते तो आवाज.

"येऊं दे."

आणखी एक पाऊल मागे. हळू. बैल पाणी पिऊन परत येतो तसं. ज्याचा टाळ अभंगाच्या पुढे जायचा त्या माणसाचा ताल तसूभर हलत नव्हता. सगळं वर्ष बांधावर चालून चालून तो पायात भिनला होता.

काकीनं मान वर केली. "मी काय उसाची ट्राली हाय का?" ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिचा पाय उचलला.

"येऊं दे. येऊं दे."

उंबरा मागे पडला. देवापर्यंत तात्या तसेच उलटे चालत गेले. कासवाला पाय लागला, एका बाईच्या ताटावर आदळता आदळता राहिले, पण वळले नाहीत. देवासमोर काकी पोचली तेव्हा हळूच म्हणाले, "बास."

जावळ झालं. नातू रडला, जेवणं झाली. परत निघालो तेव्हा हलगीवाले गेले होते, दारात सगळं शांत. मुलानं तात्यांच्या खिशातून स्पीकर घेऊन इंजिन चालू करून दिलं. पुक्, पुक् ऐकू येत होतं स्पष्ट. काकी उंबरा ओलांडून बाहेर आली, काही अडलं नाही. तात्यांना आता पुढे निघायला हरकत नव्हती.

ते पुढे झाले, आणि वळून उलटेच चालू लागले. पायऱ्यासुद्धा एका हातानं भिंत धरत तसेच उतरले. नारळवाली म्हणाली, "आजोबा, म्होरं बघून चाला, पडशीला." त्यांनी ऐकल्याचं दाखवलं नाही.

गाडीपाशी येईपर्यंत काकीची नजर त्यांच्यावरून हलली नाही. तात्या दार उघडायला पलीकडे गेले, तेव्हा तिनं माझ्या शर्टाची बाही ओढली आणि विचारलं,

"सुनील, ह्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्यात की रं. कवा झाल्या?"